वाकड्या जमिनीवरचा फिरता स्टँड

“मिस, तुमच्या स्वतःच्या यादीत पहिल्या नंबरवर काय होतं?”

डर्व्हलाने हे विचारलं. खरं सांगायचं तर प्रश्न तिचा नव्हताच. दाराबाहेर क्लोडा आणि ऑर्ला, तिच्या दोन जिवलग मैत्रिणी, कान लावून उभ्या होत्या. पैज त्यांनी लावली होती. विचारलंस तर चिप्सची दोन पाकिटं तुझी, नाही विचारलंस तर शाळा संपेपर्यंत तू भित्री भागूबाई!

मिस लेनिहन यांनी टेबलावरच्या वाडग्यातलं एक आंबट सफरचंद उचललं, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं.

“घंटा झाली वाटतं,” त्या म्हणाल्या.

घंटा झाली नव्हती. मला पक्कं माहीत आहे, कारण घंटा माझ्या डोक्यावरच्याच भिंतीत बसवलेली आहे, आणि ती वाजली की माझे चोवीसच्या चोवीस कप्पे थरथर कापतात.

मी एक जुना फिरता स्टँड आहे, मित्रांनो! तारेचा, सहा बाजूंचा, प्रत्येक बाजूला चार कप्पे असलेला. मला हात लावला की मी फिरतो, आणि फिरताना ‘कुईं कुईं’ असं ओरडतो. एका जागी गप्प बसणं माझ्या नशिबातच नाही. माझं मन कुठे रमतच नाही हो! पण थांबा, पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका तारकामाच्या कारखान्यात झाला. माझे भाऊबंद म्हणजे पक्ष्यांचे पिंजरे आणि भट्टीतल्या जाळ्या. मला वाकवलं, जोडलं, पांढरा रंग फासला आणि पाठवलं थेट पश्चिमेला, समुद्राकाठच्या एका दुकानात. तिथे माझ्या कप्प्यांत रंगीत पोस्टकार्डं असायची. मेंढ्या, कडे, सूर्यास्त आणि पुन्हा मेंढ्या. दुकानाबाहेर उभं केलं की समुद्रावरचा वारा मला आपणहून फिरवायचा. काय दिवस होते ते! लहान मुलं मला गरागरा फिरवायची आणि दुकानदारीणबाई आतून ओरडायच्या, “अरे, त्याला चक्कर येईल!” माझं एवढं कौतुक पुढे कुणी केलं नाही.

मग लोक फोनवरच फोटो पाठवू लागले. पोस्टकार्डं पडून राहिली, उन्हाने मेंढ्या निळ्या पडल्या, आणि एक दिवस दुकानाला कुलूप लागलं. तेव्हा बॅलीकार्न नावाच्या छोट्या गावातल्या मुलींच्या शाळेचा जार्लाथ, म्हणजे तिथली पडेल ती डागडुजी करणारा माणूस, मला आपल्या गाडीवर आडवा घालून घेऊन गेला. वाटभर मी आकाशच बघत होतो.

त्याने मला मिस लेनिहन यांच्या खोलीत आणून उभं केलं. शाळा संपवून पुढे काय शिकायचं, अर्ज कसा करायचा, हे मुलींना समजावून सांगणं ही मिस लेनिहन यांची नोकरी. त्यांनी माझ्या कप्प्यांत मेंढ्यांच्या जागी कॉलेजांची माहितीपत्रकं भरली. डॉक्टर व्हा. वकील व्हा. शिक्षिका व्हा. गाईंचे डॉक्टर व्हा. मी अगदी फुगून गेलो. म्हटलं, आता आपण नुसते स्टँड नाही, आपण अख्ख्या गावाचं भविष्य खांद्यावर घेऊन उभे आहोत!

पण पहिल्याच आठवड्यात जार्लाथ कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “या म्हाताऱ्याचा कणाच वाकडा आहे.”

मी एका अंगाला झुकलो होतो, हे खरं. त्याने माझ्या पायावर हातोडी मारून पाहिली. दुसऱ्या पायावर मारून पाहिली. मी तसाच. मग त्याने नाद सोडला, आणि त्या दिवसापासून माझं नाव पडलं वाकडोबा. एकोणीस वर्षं, मित्रांनो! एकोणीस वर्षं मी ते नाव ऐकत उभा होतो. कुणी रागावलं की मला लाथ मारायचं. कुणी रडवेलं झालं की माझ्यावर रेलायचं आणि मग म्हणायचं, “अरे, हा तर पडेल!”

एका गोष्टीत मात्र माझा मान मोठा होता. शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींचा एक जुना रिवाज होता. जानेवारीत, अर्जाची तारीख जवळ आली की त्या डोळ्यांवर मफलर बांधायच्या आणि मला तीनदा गरकन फिरवायच्या. मी थांबलो की समोर येईल त्या बाजूचं पत्रक ओढायचं. ते तुझं नशीब! हसत हसत ओढायच्या, पण ओढताना हात थरथरायचे. मला कळायचं ना. ते हात माझ्याच अंगावर असायचे.

आणि आता अर्जाची ती यादी. ती समजली नाही तर पुढचं काही कळायचं नाही. मिस लेनिहन दर वर्षी फळ्यासमोर उभ्या राहून एकच भाषण करायच्या. मला ते तोंडपाठ आहे.

“मुलींनो, यादीत दहा ओळी. दहा कोर्स लिहायचे. प्रत्येक कोर्सला किती गुण लागतील ते त्या त्या वर्षी ठरतं. तुमचे गुण आले की वरून खाली वाचायला सुरुवात होते. जिथे तुमचे गुण पुरतात तिथे वाचणं थांबतं. तो कोर्स तुमचा. त्याच्या खालचं सगळं गेलं, कायमचं. म्हणून मनात जे पहिलं, तेच कागदावर पहिलं. कळलं?”

“हो, मिस!” सगळ्या म्हणायच्या.

आणि घरी जाऊन सगळ्या उलटं करायच्या! ज्या कोर्सला सगळ्यात जास्त गुण लागतात तो पहिला, त्याहून कमी लागतात तो दुसरा, अशी उतरंड. कारण बॅलीकार्नमधल्या आया म्हणायच्या, “एवढे गुण पडणार आणि तू असला हलका कोर्स वर टाकणार? गुण वाया जातील ना बाई!” जणू गुण म्हणजे जास्तीचं आणलेलं दूध, संध्याकाळपर्यंत प्यायलं नाही तर नासणार.

त्या वर्षी डर्व्हला टिअर्नीच्या वर्गाची पाळी आली. डर्व्हला म्हणजे गावातल्या औषधांच्या दुकानवाल्या टिअर्नींची एकुलती एक लेक. वर्षापूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात मान वर करत नव्हती. मग काय झालं कोण जाणे, एका उन्हाळ्यात तिला कंठ फुटला. आता ती बोलायला लागली की थांबायची नाही, आणि बसायला सांगितलं तर उभी राहायची. एका पायावर. दुसऱ्या पायाने मला फिरवत.

पैजेच्या दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुट्टीत, मिस लेनिहन चहाला गेल्या होत्या तेव्हा तिघी मैत्रिणी माझ्याकडे आल्या. क्लोडाने डर्व्हलाच्या डोळ्यांवर मफलर बांधला. कुईं, कुईं, कुईं. मी थांबलो. डर्व्हलाने पत्रक ओढलं.

“औषधशास्त्र!” ऑर्ला किंचाळली. “बघ! वाकडोबासुद्धा म्हणतोय, गुपचूप बापाच्या दुकानात बस!”

“माझ्या चुलत बहिणीलाही हेच आलं होतं,” मफलर सोडत डर्व्हला म्हणाली.

“मग खानदानी आहे तुमचं नशीब.”

“तिच्या वर्गातल्या सात जणींनाही हेच आलं होतं. त्या कुठे आमच्या खानदानातल्या?”

ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. कुणी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, मित्रांनो. मला लाजल्यासारखं झालं. मग तिने मला फिरवलं. पुन्हा फिरवलं. तेरा वेळा फिरवलं! ऑर्लाने फळ्याच्या कोपऱ्यात रेघा ओढल्या. तेरापैकी अकरा वेळा मी त्याच बाजूने समोर आलो. डॉक्टर, वकील, औषधशास्त्र.

“ही बाजू जड आहे,” डर्व्हला पुटपुटली. “मोठ्या कॉलेजांची जाडजूड पुस्तकं सगळी हिच्यात आहेत. पण नुसती जड असून काय होतं? सपाट जमिनीवर जड बाजू कुठेही थांबेल...”

आणि ती चक्क जमिनीवर पालथी पडली! तिने आपली पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली, झाकण घट्ट लावलं, आणि ती माझ्या पायाशी आडवी धरली. बाटलीतलं पाणी दाराकडे खाली गेलं आणि हवेचा फुगा खिडकीकडे वर आला. मग तिने बाटली सोडून दिली. बाटली माझ्या पायांमधून गडगडत दाराकडे निघाली.

त्याच वेळी दार उघडलं. बाटली मिस लेनिहन यांच्या बुटाला जाऊन थडकली.

“काय चाललंय हे?”

“मिस,” डर्व्हला पालथ्या पालथ्याच म्हणाली, “तुमची जमीन वाकडी आहे.”

“माझी?”

“शाळेची. खिडकीपासून दारापर्यंत चांगला दोन बोटं उतार आहे. हा बिचारा सरळच आहे!”

हा बिचारा सरळच आहे. हे शब्द मी ऐकले, आणि मला रडता येत असतं तर मी तिथल्या तिथे गंजून गेलो असतो. हातोडी माझ्या पायावर पडली, एकोणीस वर्षं मी वाकडोबा ठरलो, आणि दोष जमिनीचा होता! आणि ते नशीब? दर वर्षी मुली हात थरथरत जे ओढत होत्या ते? तो नुसता उतार होता. जड बाजू उताराकडे घरंगळत होती, एवढंच.

डर्व्हलाने एक जुनं पत्रक चार घड्या करून माझ्या दोन पायांखाली सरकवलं. पुन्हा पाणी बघितलं. अजून एक घडी. मग ती उठली, हात झटकले आणि मला फिरवलं. मी थांबलो ते हॉटेलवाल्या कोर्सपाशी.

“चला, आता तू भांडी घास!” क्लोडा म्हणाली, आणि तिघी हसून हसून लोळल्या.

मिस लेनिहन हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या. माझ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, जिथे कुणाचा हात जात नाही, तिथून त्यांनी एक पातळ पत्रक काढलं आणि त्यावरची धूळ फुंकली.

“हे नऊ वर्षांत कुणी उचललेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तू आत्ता जे केलंस ना, ते करणारी माणसं असतात जगात. दिवसभर तेच करतात.”

पत्रकावर एक डोंगर होता. डोंगरावर पिवळं जाकीट घातलेली एक बाई तीन पायांच्या यंत्रातून दूर कुठेतरी बघत होती आणि तिचे केस वाऱ्याने आडवे झाले होते. जमिनीची मोजणी आणि नकाशे. चार वर्षं. लागणारे गुण, औषधशास्त्राच्या निम्म्याहून थोडे जास्त.

डर्व्हलाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. ती गप्प झाली! मी घाबरलोच.

“जमीन मोजणार तू?” क्लोडाने तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. “म्हणजे आमच्या काकाचं आणि शेजारच्या गिलहूलीचं कुंपण? बाई गं, ते भांडण माझ्या जन्माच्या आधीचं आहे. मोजायला आलेल्या माणसावर काका कुत्रा सोडतो.”

“मग आधी कुत्रा मोजीन,” डर्व्हला म्हणाली. पण तिचं लक्ष त्या वाऱ्यावरच्या केसांकडेच होतं.

यादी भरली गेली. पहिल्या ओळीवर औषधशास्त्र. पाचव्या ओळीवर, चोरासारखी लपवलेली, मोजणी. मी बघितली ना, मिस लेनिहन यांच्या टेबलावरच तर तिने ती भरली.

“कितव्या ओळीवर काय टाकायचं ते मी कुणाला सांगत नाही,” मिस म्हणाल्या. “फक्त विचारते. हे मनातलं आहे का?”

“मिस, डॅडींनी पाटी सांगून ठेवलीय,” डर्व्हला म्हणाली. “दुकानावरची. ‘टिअर्नी आणि कन्या.’ रंगाऱ्याने कागदावर काढूनसुद्धा दाखवली. सोनेरी अक्षरं आहेत. डॅडी ती रोज बघतात. जेवताना मीठदाणीला टेकवून ठेवतात.”

मिस लेनिहन यांनी यादी तिच्याकडे परत सरकवली.

त्यानंतर तिची तगमग सुरू झाली. ती दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून यायची आणि मला फिरवत उभी राहायची. कुईं, कुईं. आता मी वेगवेगळ्या ठिकाणी थांबायचो, आणि ती दर वेळी वाकून खालच्या कप्प्यात ते पत्रक आहे ना, हे बघून घ्यायची. सराव परीक्षेचे गुण आले. वर्गात तिचे सगळ्यात जास्त! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याजवळ आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“मिस, मला भीती वाटते.”

“नापास व्हायची?”

“पास व्हायची. मला ते गुण पडतील, मिस. वरून वाचायला लागतील आणि पहिल्याच ओळीवर थांबतील. पाचव्या ओळीपर्यंत कुणी येणारच नाही.”

“एक जुलैला संध्याकाळी पाचपर्यंत ओळी बदलता येतात,” मिस लेनिहन म्हणाल्या. “मन बदललं तर काय, म्हणून ती सोय ठेवलेली आहे.”

“मन नाही बदललं, मिस. मन पहिल्यापासून तेच आहे. हिंमतच नाही.”

मग परीक्षा झाली. शाळा ओस पडली. जूनच्या शेवटी एका सकाळी जार्लाथ खोलीत आला आणि सामान बाहेर काढू लागला. पुढच्या वर्षीपासून पत्रकं छापणारच नव्हते. सगळं फोनवर. जुनी कपाटं, फाटके नकाशे आणि मी, आमची रवानगी अंगणातल्या भंगाराच्या मोठ्या लोखंडी पेटीकडे. काय वाटलं असेल मला! ज्याने इतक्या पोरींना वाट दाखवली, त्याला ना हार ना निरोप. जार्लाथने तर जाता जाता माझ्या पायाखालची घडी काढून फेकली आणि मी पुन्हा वाकडा झालो.

तेवढ्यात डर्व्हला पुस्तकं परत द्यायला आली. मिस लेनिहन खोक्यात वह्या भरत होत्या. डर्व्हलाने पुस्तकं ठेवली, पण ती गेली नाही. एका पायावर उभी राहिली.

“मिस, जानेवारीत मी काहीतरी विचारलं होतं. तेव्हा पैज होती. आज पैज नाहीये.”

मिस लेनिहन यांनी खोकं बाजूला सारलं. वाडग्यात एकही सफरचंद उरलं नव्हतं. सफरचंदं त्यांच्या घरामागच्या पाच झाडांची, कितीतरी मुलींनी तोंडं वाकडी करत ती खाल्ली होती.

“माझ्या यादीत पहिल्या नंबरवर माझ्या आईला हवं होतं ते होतं,” त्या म्हणाल्या. “शिक्षिका.”

“आणि तुम्हाला हवं होतं ते?”

“सहाव्या. फळबागा. सफरचंदाची झाडं, कलमं, ते सगळं.”

“मिळालं नाही?”

“गुण पडले, आणि पहिलीच ओळ मिळाली. सहाव्या ओळीपर्यंत कुणी वाचलंच नाही, डर्व्हला.” त्या थोडं हसल्या. “मी वाईट जगले असं समजू नकोस हं. मला तुम्ही सगळ्या आवडता. पण अजूनही एखादी बाग दिसली की मी गाडी थांबवते.”

मग डर्व्हला एकदम वळली आणि माझा दांडा धरला.

“मिस, याला मी नेऊ?”

“हा वाकडोबा? कशाला?”

“तो वाकडा नाहीये!” ती जवळजवळ ओरडलीच.

आणि मित्रांनो, माझी वरात निघाली! गावाच्या मोठ्या रस्त्याने डर्व्हला मला ढकलत, फिरवत, उचलत नेत होती आणि मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. कसायाच्या दारातून कुणीतरी हाक मारली, “डर्व्हला, नवरा फार बारीक आहे गं तुझा!” पोस्टासमोरच्या गिलहूली आजी म्हणाल्या, “त्याला तेल पाज आधी, मग लग्न कर!” डर्व्हला हसत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणीही होतं.

दुकानात पांढऱ्या कोटातले तिचे डॅडी, फिनबार टिअर्नी, गोळ्या मोजत होते. गल्ल्यावर तिची आई नोरीन होती.

“हे काय लोढणं आणलंस?” डॅडी म्हणाले.

“लोढणं नाही, डॅडी. माझा मित्र आहे.”

“बरं बाई. मित्राला दाराशी उभा कर, गिऱ्हाईकांच्या वाटेत नको.”

पण फिनबार टिअर्नी मनाचे मोठे. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः मला ओल्या फडक्याने पुसलं, सांध्यांत तेल घातलं आणि माझ्या कप्प्यांत टाचांच्या भेगा, खोकला आणि दातांची काळजी अशी पत्रकं नीट लावली. हातोडी नाही, लाथ नाही. डर्व्हलाने बाटली आडवी धरून जमीन बघितली, तेव्हा ते हसले.

“काय बघतेस? ही जमीन तुझ्या आजोबांनी स्वतः घातली. गावात इतकी सपाट जमीन दुसरी नाही.”

खरंच, पाणी तसूभर हललं नाही. पायाखाली घडी नसतानाही मी सरळ उभा राहिलो.

तिथेच तर पंचाईत झाली, मित्रांनो! शाळेत निदान म्हणता येत होतं की जमीन वाकडी आहे. इथे काहीच वाकडं नव्हतं. माणसं चांगली, दुकान चांगलं, गिऱ्हाईकं डॅडींना नावाने हाक मारतात, कुणाच्या गुडघ्याला काय झालंय ते त्यांना पाठ असतं. डर्व्हला रोज त्या सपाट जमिनीवर काउंटरमागे उभी राहायची आणि एक पाय सारखा उचलायची. तिला दुकानाचा राग येत असता तर सोपं होतं. तिला राग येतच नव्हता. तिला फक्त दाराबाहेर जायचं होतं. माझंही तसंच होतं. तेल मिळालं, मान मिळाला, पण दार उघडलं आणि वारा आत आला की मी आपोआप अर्धा वळायचो.

“याला इथे करमत नाही वाटतं,” डॅडी एकदा म्हणाले. “सारखा दाराकडे तोंड करतो.”

डर्व्हलाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते खोकल्याच्या बाटल्या सरळ करत राहिले. त्या बाटल्या आधीच सरळ होत्या.

मग एक जुलै उजाडला. सकाळी तिने दोनदा फोन उघडला आणि दोनदा ठेवला. दुपारी गिलहूली आजी गुडघ्याचं मलम घ्यायला आल्या आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, “काय गं, मार्क म्हणे डोंगराएवढे पडणार! वाया घालवू नकोस हं.”

“नाही घालवणार, आजी,” डर्व्हला म्हणाली, आणि मला इतक्या जोरात फिरवलं की टाचांच्या भेगा दुकानभर उडाल्या.

“अगं, काय भूत संचारलंय का तुला?” मम्मी म्हणाल्या. “सकाळपासून मांजरासारखी फिरतेयस. यादी नीट आहे ना?”

“आहे ना?” डॅडींनीही विचारलं. ते शिडीवर चढून दारावरच्या जुन्या पाटीची धूळ पुसत होते. नव्या पाटीसाठी माप घ्यायचं होतं.

साडेचार झाले. पत्रकं गोळा करायला डर्व्हला माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. एकेक करून तिने ती कप्प्यांत लावली, आणि लावता लावता तिचा हात माझ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात गेला. तिथे दातांच्या काळजीच्या मागे ते पत्रक होतं. तिनेच ठेवलं होतं. डोंगर, पिवळं जाकीट, वाऱ्यावर आडवे झालेले केस.

मित्रांनो, मी तारेचा स्टँड. मला तोंड नाही, आणि सल्ला देणं माझं कामही नाही. मी फक्त धरून उभा राहतो, निवडायचं तुम्हाला असतं. तरी एवढं मागणं मागतो. कुणाला वाकडं म्हणण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन एकदा तपासून बघा. जे सारखं सारखं तुमच्या समोर येतं, ते नशीब आहे की नुसता उतार, तेही बघा. आणि तुमच्याही मनात सगळ्यात खाली एक कप्पा असेल. त्याच्यावर धूळ बसू देऊ नका. नऊ वर्षं फार होतात हो. हां, आणि जमलं तर एखाद्या जुन्या स्टँडला तेल घाला!

डर्व्हला उठली. तिने फोन काढला. तिचा अंगठा वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिचा दुसरा हात माझ्या कप्प्यावर होता, जानेवारीतल्या सगळ्या मुलींसारखा. पण तिने मला फिरवलं नाही; तिचा अंगठा फोनवर टेकला.

घड्याळात पाचला वीस मिनिटं होती. तिने गल्ल्यावरच्या मम्मीकडे पाहिलं, मग शिडीवरच्या डॅडींकडे. आणि मित्रांनो, त्या क्षणी ती मुलगी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी होती.

“डॅडी, जरा खाली या. मम्मी, तूपण ऐक. पाटी रंगवू नका. मी आत्ता यादी बदलली. पहिल्या ओळीवर जमिनीची मोजणी आहे. औषधशास्त्र कितव्या ओळीवर आहे ते विचारू नका, कारण तिथपर्यंत कुणी वाचणार नाही. मला हे दुकान आवडतं, तुम्ही दोघं तर फारच आवडता, आणि मी जाणार आहे.”